पाचव्या पेपरापर्यंतचा नेम

संकल्प करण्याआधी आपण टीव्हीवरचा नकाशा पाहिला, ही गोष्ट मी-रानने बुद्धापासून लपवली नाही. सासूबाईंपासून मात्र लपवली.

शरद लागला की बातम्यांच्या शेवटी तो नकाशा दाखवतात. उत्तरेच्या डोंगरांवरून लाली पायरी पायरीने दक्षिणेकडे उतरत येते, आणि कुठल्या डोंगरावर पानं कधी ऐन रंगात असतील ते निवेदिका हसत हसत सांगते. नेजांगचा डोंगर तिच्या ग्वांगजू शहरापासून काही लांब नाही. भिशीतल्या मैत्रिणी दरवर्षी जात, आणि लाल पानांखाली लाल जाकिटं घालून काढलेले फोटो मी-रानला न चुकता पाठवत. ती मात्र घरीच. कारण घरात परीक्षेचा मुलगा होता. हान-ग्योल गेल्या वर्षी विद्यापीठ प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेला बसला होता, गुण कमी मिळाले, म्हणून यंदा पुन्हा बसायचा होता. अशा घरची आई मौज करायला डोंगरावर गेली, असं कुणी कधी ऐकलंय?

पण नेजांगच्या कुशीत भिक्षुणींचा एक लहानसा मठ आहे. परीक्षेच्या मुलांच्या आया तिथे जाऊन एकशेआठ दंडवत घालतात. आणि मठाच्या अंगणात मेपलची झाडं आहेत. आता ती असली तर तो काही मी-रानचा दोष नव्हे.

"तीन दिवसांचा नेम धरते म्हणते, अहो आई," जेवताना तिने विषय काढला.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "नेजांगला? आत्ता? जिथे पानं..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. परीक्षेच्या वर्षात 'पडणं' हा शब्द, नापास होण्याचा अपशकुन म्हणून, त्यांनी घरातून हद्दपार केला होता. पाऊससुद्धा नुसता 'येत' असे. "जिथे पानं तसलं करतात, तिथे जाऊन पोरासाठी मागणार तू?"

"ऐन रंगात असतात तेव्हा फांदी धरून असतात हो ती. त्याच्या आतच जाईन."

"बघ बाई. देवाचं नाव आहे, मी नाही कशी म्हणू?"

मी-रानने मठात फोन लावला.

"पुढच्या आठवड्यात यायचं म्हणते, माताजी. प्रार्थनेला."

"या की," पलीकडून भिक्षुणीबाई म्हणाल्या. "पानं अजून हिरवी आहेत, एवढं सांगते."

"मी पानांचं नाही हो विचारत!"

"सगळ्या आया असंच म्हणतात. मी आपली आधीच सांगून टाकते, मागाहून तोंडं उतरलेली बघवत नाहीत."

मी-रानने नेम आठवडाभर पुढे ढकलला. घरी सांगितलं, मठात जागा नाही. यंदा उकाडा हटतच नव्हता. नकाशावरची लाली अर्ध्या वाटेत बसकण मारून बसली. दुसऱ्यांदा फोन केला, तर माताजी म्हणाल्या, "शेंड्याला जरा पिवळं दिसतंय." नेम पुन्हा ढकलला. घरी सांगितलं, तिथी बरी नाही. तीन दिवसांचा नेम दोनाचा झाला, मग एकाचा. सरकत सरकत तो एक दिवस नेमका मोठ्या परीक्षेच्याच दिवशी येऊन टेकला.

आता सांगायचं काय? पण इथे तिला काही रचावंच लागलं नाही. त्या दिवशी मठात परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणेच प्रार्थना असते. पेपर सुरू झाला की दंडवत सुरू, पेपर संपला की घंटा. सासूबाईंचे तर डोळेच भरून आले. "माझी सून म्हणजे सून आहे," असं त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं. मी-रानला ते ऐकून कानकोंडं झालं.

पहाटे उठून तिने हान-ग्योलचा डबा भरला. त्याला केंद्रावर सोडायचं काम नवऱ्याकडे दिलं आणि बस गाठली. बस डोंगर चढायला निघालेल्या म्हाताऱ्या-मध्यमवयीन बायकांनी भरली होती. संत्र्यांचा वास आणि हसण्याचा नुसता कल्लोळ.

"धाकटे, तू कुठल्या वाटेने चढणार?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"मी मठात चाललेय. आज मुलाची परीक्षा आहे."

हसणं एकदम थांबलं. पुढच्या बाकावरून कुणीतरी "श्श, हळू बोला गं" म्हणालं. आजींनी तिच्या मांडीवर दोन संत्री ठेवली, आजाऱ्याला द्यावीत तशी, आणि तिचा हात हातात घेतला. "मिळतील हो गुण. आईचं मन इतकं असल्यावर न मिळायला काय झालं?"

तो हात मी-रानला पोळला. लबाडीने सुरू केलेला नेम लबाडीनेच संपवायचा? तिने तिथल्या तिथे डोळे मिटले आणि खराखुरा संकल्प केला. आजचा शेवटचा पेपर संपेपर्यंत पानाकडे नजर उचलून बघायचं नाही. एकाही.

बस डोंगरात शिरली तसा बायकांचा "अगं बाई गं!" असा एकच स्वर उठला. मी-रान आपल्या बुटांकडे बघत बसली. मठाच्या वाटेवर तिने नजर पायांखालच्या दगडांवरून हलवली नाही. दारात माताजींनी सगळ्यांचे फोन टोपलीत जमा करून घेतले.

"आज आली बघा पानं पूर्ण रंगात," त्या कौतुकाने म्हणाल्या. "बरोब्बर दिवस साधलात."

मी-रान मान खाली घालून आत गेली.

भाषेचा पेपर झाला, गणिताचा झाला. घंटा वाजली की आया उठत, गुडघे चोळत, पुन्हा वाकत. दुपारी सगळ्या अंगणात जेवायला बसल्या. मी-रान भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या शेजारी जुळ्यांची आई होती. जॉंजू गावची, तोंडाने फटकळ.

"ताई, भिंतीवर काय लिहिलंय ते मलाही सांगा की."

"नेम आहे माझा. पेपर संपेपर्यंत पानं बघायची नाहीत."

"अगं आई! माझी दोन दोन बसलीत परीक्षेला, तरी मला असलं काही सुचलं नाही." तिने दोन घास खाल्ले. मग तिलाच राहवलं नाही. "पण ताई, ते कोपऱ्यातलं झाड काय पेटलंय म्हणून सांगू! बरं, नाही सांगत. भात खा."

चौथ्या पेपराची घंटा वाजली आणि बायका भराभरा चटया गुंडाळू लागल्या.

"संपलं?" मी-रानने विचारलं.

"आमचं संपलं. पाचवा पेपर ज्याने घेतला असेल त्याने द्यायचा. चिनी अक्षरं नाहीतर परकी भाषा. तुमच्या मुलाने घेतलाय?"

हान-ग्योलने चिनी अक्षरं घेतली होती. मी-रानच्या वडिलांना बरं वाटेल म्हणून.

"मग बसा बाई," जुळ्यांची आई हळहळली, आणि गेली.

सभागृहात मी-रान आणि आणखी दोघी उरल्या. उतरतं ऊन दारांना लावलेल्या पातळ कागदावर आलं, आणि पांढरा कागद हळूहळू केशरी झाला, मग कुंकवासारखा लाल. बाहेर बायका चढाओढीने एकमेकींना हाका मारत होत्या. "इकडे ये! ह्याच्याखाली उभी राहा! उजेड गेला की गेलं!" मी-रान वाकली, उठली, पुन्हा वाकली. कपाळ जमिनीला टेकलं की तिला फक्त चटईच्या काड्या दिसत. एका एका दंडवताला ती एक एक चिनी अक्षर मनात आणायचा प्रयत्न करत होती. तिला येत होती ती मोजकी अक्षरं केव्हाच संपली. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कागदावरचा लाल रंग विटला, राखेसारखा झाला. मग दिवा लागला.

शेवटची घंटा झाली. तिने दार सरकवलं. बाहेर मिट्ट अंधार होता. डोंगरात दिवस असाच चटकन मावळतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. अंगणात काळी झाडं उभी होती. टोपलीतून फोन घेतला, तर हान-ग्योलचे किती तरी कॉल येऊन गेले होते.

"आई! होतीस कुठे? आम्ही हॉटेलात बसलोय, मांस भाजतायत. बाबा आहेत, आजी आहे."

"इतक्यात? आत्ता तर पेपर सुटला ना?"

"तो मी दिलाच नाही गं. चौथा झाल्यावर नको म्हणून सही केली आणि निघालो. जवळजवळ सगळेच निघाले. गणित बरं गेलंय बहुतेक. पानं कशी आहेत?"

मी-रानने अंगणातल्या काळ्या झाडांकडे पाहिलं. मग तिला वाटलं, ते दंडवत वाया थोडेच जातील? कुठल्या तरी वर्गात कुणाचं तरी लेकरू त्या वेळी खरंच चिनी अक्षरं लिहीत होतं. त्याला लागू पडोत. हे समाधान खरं होतं. पण पुरेसं नव्हतं.

फोन सासूबाईंनी घेतला. "झाला ना नेम? आता पानंबिनं बघत रेंगाळू नकोस. शेवटची बस धर."

आजवर 'नाही' म्हणायला मी-रानला नेमांचीच सबब पुरत आली होती. आता हाताशी एकही नेम नव्हता.

"अहो आई, मी आज येत नाही. मठात राहते. सकाळी पानं बघून येईन."

"नेम संपला म्हणालीस ना?"

"संपला. नुसती पानंच बघायचीत मला."

पलीकडे मांस चरचरत होतं. मग सासूबाई बाजूला गेल्या असाव्यात, कारण आवाज खाली आला.

"एकटीच गेलीस. तुझे सासरे गेल्यापासून मी तरी कुठे पानं पाहिलीत?" आणि आणखी खालच्या आवाजात, "इथून तिकडे सकाळची पहिली बस कधी सुटते गं?"

मी-रानने माताजींना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पानं बघायला त्यांना कधी बसने यावंच लागलं नव्हतं.