आधी मला ढकलून पाहा

मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे किडका नव्हे बरे का, मित्रांनो. सातपुड्याच्या सागाचा आहे मी. वाळवीने माझ्यावर दात घासून पाहिले आणि नाद सोडला. नंदुरबारच्या स्टेशनाजवळ कापसातून सरकी काढणारी एक जिन आहे, तिच्या उंच भिंतीत मी उभा आहे. दोन भक्कम कवाडे, लोखंडी पट्ट्या आणि बाहेरच्या अंगाला वर एक जाड कडी. माझी चौकट नीट पाहिलीत तर एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा आतल्या बाजूला आहेत आणि बिजागऱ्या मात्र बाहेरच्या बाजूला. मला उलटा बसवला आहे. तो का, हेच आज सांगायचे आहे.

मला घडवले दोधू सुताराने. जिनचे शेठ त्याला म्हणाले होते, "दोधू, दरवाजा आतच उघडला पाहिजे. बाहेर उघडणारा दरवाजा लक्ष्मीला हाकलतो." दोधूने मान डोलावली. आपल्याकडे घरोघरी दार आतच उघडते, त्यात विचारायचे काय? आणि खरे सांगतो, कापसाच्या गाड्यांना ते बरेच होते. कोरीटच्या, धानोऱ्याच्या, कळसाडीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या की मी दोन्ही कवाडे आत घेई आणि बैल बिनधास्त पुढे चालत. आपण फार शहाणे आहोत असे मला वाटू लागले होते.

मग शेठना फुटबॉलचे वेड लागले. रेल्वेवाल्यांचा एक संघ होता, तेव्हा आपलाही हवा. जिनच्या मागचे मोकळे आवार सपाट झाले, एका बाजूला लाकडी पायऱ्या उठल्या आणि त्यांवर ताडपत्रीचे छप्पर आले. पायऱ्यांखाली काय होते म्हणता? जिनमधून झाडलेली कचरा-रुई. दर हंगामात कामगार ती तिथे लोटत, कारण तिथे ती दिसत नसे. आग विझवायला चार बादल्या वाळू भरून टांगल्या होत्या खऱ्या, पण प्रेक्षकांनी त्यांत पानाच्या पिंका टाकून त्यांची पार रया घालवली होती.

सामन्याच्या दिवशी माझ्यापाशी वाहिद उभा असे. तिकीट घ्यायचा, माणूस आत सोडायचा आणि खेळ सुरू झाला की बाहेरून कडी लावायचा, म्हणजे फुकटे घुसत नसत. त्याचा धाकटा भाऊ निजाम जिनच्या संघाचा गोलकीपर. दोघांची आई अख्तरबानो एकही सामना चुकवत नसे. माझ्या अगदी जवळ, आतल्या बाजूला, गोणपाटाचा पडदा लावून बायकांची जागा केली होती. त्या पडद्याआडून ती निजामला अशी काही फटकारायची की रेल्वेवाल्यांचा साहेबही हसायचा. "हात कसाले दिन्हात रे तुले, रोटी खावाले?" असे तिचे चालू असे.

हंगामात सातपुड्यातून पावरा आदिवासी कुटुंबे कामाला येत. त्यांत दलसिंग होता आणि त्याची बायको रूपलीबाई. दलसिंगजवळ मोठा ढोल होता. होळीला घरी परतण्याआधी एक संध्याकाळ ही मंडळी माझ्यासमोर नाचत. एकमेकांच्या कमरेला हात घालून लांबच लांब ओळी धरायच्या, दोन पावले पुढे, तीन पावले मागे. वाहिद थट्टा करायचा, "दलसिंग, आशे नाचशात ते घर कव्हय गाठशात?" दलसिंग हसून म्हणायचा, "मांगे सरकाशिवाय ओळ जुळत नही, भाऊ." तेव्हा त्या बोलण्याकडे ना वाहिदने लक्ष दिले, ना मी.

सामन्यात मात्र ढोल आत न्यायला बंदी होती, कारण पंचाची शिट्टी ऐकू येत नसे. म्हणून दलसिंग बाहेर माझ्याशेजारी बसायचा. आत गोल झाला की वाहिद फटीतून बघून सांगायचा आणि हा ढोल बडवायचा.

संक्रांत नुकतीच झाली होती. रेल्वेवाल्यांशी शेवटचा सामना होता, सगळे गाव लोटले होते. मागच्या बाजूला एक लहान दार होते, पण हंगाम असल्यामुळे त्याच्यापुढे कापसाच्या गाठी रचलेल्या. भिंतीवर काचा. म्हणजे एवढ्या माणसांना बाहेर पडायला मी एकटाच होतो, आणि हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

कुणाची तरी विडी पायऱ्यांच्या फटीतून खाली पडली. आधी नुसता वास आला. मग खालून पांढरा धूर निघाला आणि लोकांना वाटले कुणी शेकोटी केली असेल. वारा होता, रुई कोरडी होती. बघता बघता पायऱ्यांच्या एका टोकाला जाळ वर आला आणि ताडपत्री पेटली. मग काय विचारता. सगळे उठले आणि सगळे माझ्याकडे धावले.

पहिला धक्का बसला तेव्हा मला वाटले गाडी धडकली. वाहिदने झटकन कडी काढली आणि मला आत ढकलले. मी हललो नाही. हलणार कसा? आत यायला मला जागा लागते, आणि त्या जागेत माणसे दाटली होती. ती जितकी मला रेटत तितका मी घट्ट बसत होतो. त्यांना वाटत होते बाहेरून कडी आहे. ती ओरडत होती, मुठी मारत होती, आणि मागचे आणखी जोराने पुढे येत होते. मित्रांनो, सागाच्या लाकडालाही भीती वाटते. माझ्या अंगावर माणसांच्या बरगड्या दाबल्या जात होत्या आणि मला तसूभर बाजूला होता येत नव्हते.

बायकांची जागा जवळ, म्हणून सगळ्यांत पुढे त्याच अडकल्या. माझ्या दोन कवाडांच्या फटीतून चार बोटे बाहेर आली. वाहिदने ती ओळखली. एका बोटात आईची चांदीची अंगठी होती.

"वाहिद, दरवाजा उघाड ना बेटा," आतून अख्तरबानो म्हणाली. आवाज दबका होता, छातीत श्वास मावत नव्हता.

"कडी काढी टाकी मी, अम्मी. दरवाजा आत येस. तू मांगे सरक."

"मांगे कोठे सरकू? मांगे आख्खं नंदुरबार शे."

त्याही वेळी तिचे बोलणे तसेच होते. वाहिदला मात्र रडू फुटले. तो घसा फोडून 'मागे व्हा, मागे व्हा' म्हणून ओरडला, पण आतल्या गलक्यात कोण ऐकणार?

दलसिंगने ढोल गळ्यात अडकवला आणि वाजवायला सुरुवात केली. डोंगरात वाघ आला, वणवा लागला की वाजवतात तो ठोका, धावून या म्हणून सांगणारा. आणि आतले खरेच धावून आले. मागे राहिलेले डोंगरातले लोकही पुढे घुसले. माझी चौकट करकरली. फटीतली बोटे पांढरी पडली.

वाहिदने त्याचे हात धरले. "दलसिंग, हाऊ नको. लोके पुढे यी ऱ्हायनात. तुमना नाचना वाजाड. मांगे सरकाना."

दलसिंगचे हात थांबले. "मांगे आग शे," तो म्हणाला. "मन्ही रूपली शे तठे."

मला ठाऊक होते ते खरे आहे. माझा एक चेहरा बाहेर आहे तसा एक आत आहे. पावरा मंडळी पलीकडच्या गोलापाशी जमिनीवर बसली होती, म्हणून गर्दीत सर्वांत शेवटी तीच होती. त्यांच्या आणि जाळाच्या मधे उघडी माती होती, आणि तीही रोडावत चालली होती. आता मागे सरकायचे म्हणजे त्या जाळाकडे सरकायचे. एकाची आई दाराशी अडकली होती आणि तिच्यासाठी दुसऱ्याने आपल्या बायकोला आगीकडे पाठवायचे होते. असे मागणे वाहिद तोंडाने दुसऱ्यांदा कसे मागणार?

दलसिंगने डोळे मिटले आणि नाचाचा ठोका धरला.

आत रूपलीबाईने तो ऐकला. ती थबकली. शेजारणीच्या कमरेला तिने हात घातला, शेजारणीने पुढचीच्या. पुरुष जुळले. ओळीत जो आला त्याचे पाय ठोक्याला बांधले गेले. हाताला लागेल त्या गावकऱ्याच्या सदऱ्याला धरून त्यांनी त्यालाही ओळीत ओढले. दोन पुढे, तीन मागे. दोन पुढे, तीन मागे. मागची ओळ धुरात शिरत होती, तरी तुटत नव्हती. निजामने मैदानातून ते पाहिले आणि संघातल्या पोरांना घेऊन तोही ओळीला जुळला.

मागून सैल पडले की पुढेही सैल पडते. माझ्या अंगावरचा भार जरासा उतरला, श्वास सोडावा इतकाच. वाहिदने खांदा लावला. मी वीतभर आत सरकलो. पुन्हा ठोका पडला, पुन्हा मागे, आणि मी हातभर सरकलो. मग उघडलो.

अख्तरबानो बाहेर कोसळली ती वाहिदच्या पायांवरच. तो तिला उचलायला वाकला तर म्हणाली, "माले ऱ्हाऊ दे. तिले धर, मन्हामांगेनीले." माणसे धडपडत, खोकत बाहेर येत होती. दलसिंग मात्र वाजवतच होता. थांबला असता तर ओळी मोडल्या असत्या, आणि ओळी मोडल्या असत्या तर मी पुन्हा मिटलो असतो. माझ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तोंडाकडे तो बघत होता आणि त्यांत रूपली नव्हती.

ती सगळ्यांत शेवटी आली. लुगड्याचा काठ जळालेला, डाव्या पायाचा तळवा भाजून सोललेला, दोघी बायांच्या खांद्यांवर हात. दलसिंगचे हात तेव्हा कुठे खाली आले. ती आपल्या बोलीत काही म्हणाली. इतक्या हंगामांत मला ती बोली समजू लागली होती. ती म्हणाली, "तू थांबला असतास तर मी पळाले असते."

पायऱ्या जळून गेल्या. माणूस एकही गेला नाही. चार दिवसांनी दोधू हत्यारे घेऊन आला आणि माझ्या बिजागऱ्या काढू लागला. शेठ घुटमळले. "दोधू, बाहेर उघडला तर लक्ष्मी...?"

दोधू मान वर न करता म्हणाला, "शेठ, लक्ष्मीले दरवाजा ओढता येस. गर्दीले येत नही."

मी उलटा बसलो आणि बाहेर उघडू लागलो. पायऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या, त्यांच्याखालची रुई दर आठवड्याला निघू लागली. काही वर्षे लोक शहाणे राहिले. अख्तरबानो तर सामन्याला आली की बसण्याआधी मला आतून दोन्ही तळहातांनी ढकलून बघायची, मगच पडद्याआड जायची. पोरे चिडवायची, "बुढी दरवाजासंगे कुस्ती खेळस." ती त्यांनाही सुनवायची.

आता ती नाही. मागच्या थंडीत वारली. आणि आजची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आज पुन्हा सामना होता. आवार भरले, आणि कुणीतरी कापसाची भरलेली गाडी बाहेरून मला चिकटवून लावली आणि बैल सोडून तो चहाला गेला. मी आता बाहेर उघडतो, पण बाहेर गाडी. आत माणसे विड्या ओढत बसलेली. मला घाम फुटणे शक्य असते तर फुटला असता.

तेवढ्यात आतून दोन तळहात माझ्यावर टेकले. एक पाय जरा फरफटत होता. रूपलीबाई होती. तिने ढकलले, मी गाडीच्या चाकावर आपटलो. तिने पुन्हा ढकलून खात्री केली. मग ती मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पंच ओरडला, लोक हसले, ती हलली नाही. "गाडी काढा," एवढेच म्हणत राहिली. गाडी निघाली तेव्हाच ती बाजूला झाली.

मित्रांनो, तिचेही केस पिकले आहेत. तिच्या पायाचा तळवा दर थंडीला फुटतो आणि सातपुड्यातून इथवरची वाट लांब आहे. पुढच्या हंगामी ती येईल की नाही, कुणी सांगावे? ऐन गर्दीत मला ओरडून सांगता येत नाही आणि माझ्यापुढची गाडी मला दूर करता येत नाही. तेव्हा तुम्ही खेळ बघायला याल ना, तेव्हा चांगली जागा शोधण्याआधी माझ्यापाशी या. लोक हसले तर हसू द्या. दोन्ही हात लावा, आणि आधी मला ढकलून पाहा.