दहा अक्षरांची पाटी

श्याम मास्तरांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. नात स्वराली शिकायला म्हणून कोथरूडला त्यांच्याकडेच राहायची. गुरुवारी अकराला तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि घरचं वायफाय पाच मिनिटं धड चालेल तर शपथ.

"आजोबा, अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकाच चॅनेलवर गर्दी करून बसलेत. सेटिंगमध्ये सहाचा अकरा करा, बास." सेटिंगचा पासवर्ड मास्तर नातीलाही सांगत नसत, म्हणून ही विनवणी.

मास्तरांना गर्दी पटेना. त्यांच्या मते समोरचे दत्तप्रसाद त्यांचं वायफाय चोरत होते. स्वतःचं असून दुसऱ्याचं वापरतो, म्हणजे पाहा!

त्यांनी सेटिंग उघडलं. चॅनेलच्या वरच वायफायचं नाव लिहायचा चौकोन दिसला आणि मास्तर चॅनेल विसरले. पुण्यात मोकळी जागा दिसली की पाटी लागतेच. मराठी अक्षरं जेमतेम दहा मावत होती, पण अपमानाला तेवढी पुरतात. त्यांनी नाव ठेवलं, ‘लाज बाळगा’.

संध्याकाळी मोबाइलच्या यादीत त्याखाली नवं नाव उगवलं. ‘लखलाभ असो’.

"नाव बदललं की घरातलं सगळं कनेक्शन तुटतं, आजोबा! आता मुलाखत होईपर्यंत हात लावायचा नाही." स्वरालीने समोर उभं राहून चॅनेल तेवढं बदलून घेतलं. वायफाय सुसाट धावू लागलं.

गुरुवारी मुलाखत झकास सुरू झाली. बाहेर मास्तरांना मात्र ‘लखलाभ असो’ सलत होतं. शेवटचा शब्द त्या दत्तप्रसादचा? वीस मिनिटं त्यांनी दम धरला. मग संगणकावर ‘शहाणपण पुरे’ लिहिलं, अक्षरं मोजली आणि सेव्ह दाबलं.

आतून किंकाळी आली. लॅपटॉप छातीशी धरून स्वराली बाहेर धावली आणि आजोबांकडे न पाहता समोरच्या दारात शिरली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तासाभराने परतली. "झाली पूर्ण. सोमवारी कळवतील."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, पण जित्याची खोड! "पासवर्ड बरा दिला त्याने?"

"पासवर्डच नाहीये, आजोबा. अडीनडीला कुणालाही लागतं, कुलूप कशाला, म्हणाले." स्वराली चपला काढत म्हणाली, "आणि तुमचं पुन्हा बंद पडलं तर तुम्हीही खुशाल वापरा म्हणालेत."

मास्तर उठले आणि संगणकावरचं ‘शहाणपण पुरे’ पुसू लागले.