मनकर्णा म्हणं, आणि पुढं खरखर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. थोडा थापाड्याही आहे, हे पहिल्याच दमात कबूल करून टाकतो. दोष माझा नाही. माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झालाय, त्यामुळे साधी गोष्टसुद्धा ताणली जाते. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफेनं मला एकदा हात जोडून सांगितलं होतं, "बाबा, जरा हळू, कानठळ्या बसल्या." सिल्लोडच्या बाजारात मी वाजायला लागलो, तेव्हा पोत्यातल्या मक्याच्या आपोआप लाह्या फुटल्या होत्या. विश्वास बसत नाही ना? नका ठेवू. पण मनकर्णाबाईची गोष्ट आली की मी पट्टा घट्ट धरीन. त्यात एक शब्द वाढवणार नाही.

सत्त्याऐंशी साली शहागंजातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून बन्सीनं मला विकत घेतलं. बन्सी गवंडी होता. गावाकडं पावसानं पाठ फिरवली होती आणि शहर मात्र विटांवर विटा चढवत सुटलं होतं, म्हणून तो बायकोला, मनकर्णाबाईला, घेऊन इथं आला. उस्मानपुऱ्यामागच्या वस्तीत पत्र्याच्या घरात मला खिडकीची जागा मिळाली. चौदा एप्रिलला पहाटे मी भीमगीतं सुरू केली की अख्खी गल्ली अंथरुणातून उठायची. बन्सी मला रोज स्वतःच्या उपरण्यानं पुसायचा. इतकं तर कुणी त्यालाही पुसलं नसेल.

त्याच वर्षी एका दुपारी सिल्लोडकडून सरूबाई आली. सरूबाई आणि मनकर्णाबाई म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातल्या मैत्रिणी. तेव्हा दोघी रस्त्याच्या कामावर शेजारीशेजारी बसून खडी फोडायच्या. बाया गोल करून बसत आणि हातोडीच्या ठेक्यावर गाणी जोडत. त्या गाण्यांत मुकादमाची भरपूर टिंगल असे. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. गाणारीनं स्वतःचं नाव कधी घ्यायचं नाही. शेवटच्या कडव्यात शेजारणीचं नाव घालायचं, 'ती म्हणं'. मुकादमानं दरडावून विचारलं, "हे कुणाचं गाणं?" की मनकर्णा म्हणायची, "सरू म्हणं." सरू म्हणायची, "मी नाय बा, मनकर्णा म्हणं." मुकादम गोलाभोवती फिरून फिरून घामाघूम व्हायचा, पण त्याला गाण्याची मालकीण काही सापडायची नाही.

बन्सीनं हे ऐकलं आणि मला पुढ्यात ठेवून म्हणाला, "म्हणा दोघी. ह्याच्यात धरून ठेवू."

सरूबाई माझ्याकडं बघून दोन पावलं मागं सरकली. "ह्यो डबा आवाज ठिवून घेतो का काय? मंग मी बोलू कशानं?"

"ठिवून घेत नाय वैनी," बन्सी हसत म्हणाला. "मागितला की परत देतो."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. तो शब्द बन्सीनं माझ्या वतीनं दिला होता.

कॅसेटच्या एका बाजूवर मनकर्णाबाई गायली. तिचं शेवटचं कडवं असं:

सरू म्हणं बाई, दगडाला फुटंल पाझर
आधी फुटं हात, मग भरंल घागर

मग कॅसेट पालटून सरूबाई गायली. तिचं कडवं सुरू होत होतं 'मनकर्णा म्हणं' असं. तेवढ्यात चुलीवरचं कालवण उतू गेलं आणि मनकर्णाबाई पदर सावरत धावली. शेजारणीनं आपल्या नावावर काय घातलं ते तिनं ऐकलंच नाही. म्हणाली, "डब्यात हाय की. निवांत ऐकीन."

निवांत वेळ कुणाला मिळतो? बन्सीनं कॅसेटवर 'घरचं गाणं' एवढंच लिहिलं आणि ती कपाटात ठेवली. पुढं सीडी आल्या, मोबाइल आले. मी खिडकीतून कपाटावर गेलो आणि कपाटावरून माळ्यावर. बन्सी गेला. सरूबाई गेली. दोन हजार सोळा साली, टँकरमागं हंडे घेऊन पळायचे दिवस होते तेव्हा, मुलगा राजकुमार यानं मला जयंतीच्या कार्यक्रमासाठी खाली काढलं. माझ्या तोंडाशी मोबाइल धरून त्यानं आईचं गाणं भरून घेतलं. बाजू पालटणार तोच लाइट गेली. टँकर आला, राजकुमार हंडा घेऊन पळाला, आणि मी तसाच माळ्यावर परत गेलो. ते एकच गाणं त्यानं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं उडालं हे मलाही सांगता येणार नाही, आणि मी तर तोफेशी गप्पा मारणारा माणूस!

गेल्या उन्हाळ्यात राजकुमारची मुलगी मेघा मोबाइलवर काहीतरी ऐकत बसली होती. कॉलेजनं तिला एका पॉडकास्टवर निबंध लिहायला सांगितला होता. अचानक ती ओरडली, "आजी! अगं, हा तुझा आवाज आहे!"

पॉडकास्ट हिमांशू नावाच्या तरुणाचा होता. तो मोठ्या आदरानं सांगत होता, "हे गाणं रचलं आणि गायलं सरूबाई या अज्ञात लोककवयित्रीनं." अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं. लहानपणापासून घरी अभंग ऐकलेल्या त्या पोराला वाटलं, इथंही तसंच. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं फक्त कुणाला विचारलं नव्हतं.

मेघा संतापली. "आवाज तुझा, गाणं तुझं आणि नाव भलत्याच बाईचं? हजारो लोकांनी ऐकलंय हे! नेटवर एकदा चुकीचं गेलं की तेच खरं होऊन बसतं, आजी."

मनकर्णाबाईला हसू आवरेना. "भलती बाई म्हणू नको गं, सरू हाय ती. आमी आपलं नाव कुटं घेत होतो?" तिनं सगळी रीत सांगितली. सांगता सांगता तिचं हसू मावळलं. "मेघे, दुसऱ्या अंगाला सरूचा आवाज हाय. तिनं माझं नाव घेतलंय. मी कवा ऐकलंच नाय बघ. लाव की."

मेघाला पुरावा हवा होता. म्हातारीला मैत्रीण हवी होती. मला खाली काढलं गेलं.

इथून पुढं मी थाप मारत नाही. पत्र्याखालच्या आठ उन्हाळ्यांत माझ्या आतलं रबर वितळून गुळासारखं चिकट झालं होतं. मेघाला हे माहीत असायचं कारण नाही, मला माहीत होतं. पण मला ओरडता येत नाही. मला फक्त दुसऱ्यांचं बोलता येतं. तिनं बटण दाबलं. सरूबाईचा आवाज आला, खणखणीत, सदतीस वर्षांपूर्वीचा. मनकर्णाबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"अगं बया... सरेऽ"

गाणं शेवटच्या कडव्यापाशी आलं. "मनकर्णा म्हणं..."

आणि मी टेप खाल्ली.

मेघानं झाकण उघडलं तेव्हा टेपचे तुकडे माझ्या रुळाला गुंडाळलेले होते. गुलमंडीतल्या एका कारागिरानं दोन दिवस खपून ते जोडले. 'मनकर्णा म्हणं' पर्यंत येतं. पुढं नुसती खरखर. "टेपवरचा थर निघाला, ताई," तो मेघाला म्हणाला. "आता देवालासुद्धा ऐकू येणार नाही."

हिमांशू घरी आला. मान खाली घालून म्हणाला, "आजी, चुकलो मी. तुमचं नाव घालून पुन्हा टाकतो."

"घाल बाबा. आवाज माझा म्हण," मनकर्णाबाई म्हणाली. "पर सरूचं नाव काढू नको. तिच्या तोंडचं माझं नाव तर गेलंच. माझ्या तोंडचं तिचं तरी ऱ्हाऊ दे." मग डोळे पुसून ती मिश्कीलपणे म्हणाली, "आन् मुकादम आलाच इचारायला, तर सांग, ती म्हणं."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा माझ्यासारखा डबा पडला असेल. त्याला उन्हातून काढा, जाणत्या हाताकडून आतून पुसून घ्या, आणि मगच त्याच्या तोंडात कॅसेट द्या. कुणाचं गाणं जगाला ऐकवण्याआधी त्या घरची कडी वाजवा. आणि ज्यांच्या तोंडी अजून गाणं आहे, त्यांच्याशेजारी आजच जाऊन बसा. कालवण उतू गेलं तर जाऊ द्या.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. दुपारी घर रिकामं झालं की मनकर्णाबाई मला पदरानं पुसते, ती जोडलेली कॅसेट घालते, बटण दाबते. 'मनकर्णा म्हणं' येतं, मग खरखर. ती कान माझ्याशी लावून म्हणते, "म्हण की सरे. फुडं म्हण."

जन्मभर मी इतक्या थापा मारल्या. तोफेला बोलतं केलं, मक्याच्या लाह्या फोडल्या. पण सरूबाईच्या कडव्याची ती अर्धी ओळ काही मला रचता येत नाही.