वांग्याच्या पेपरातली ओळ

अमरावतीत एखाद्या प्राध्यापकाचं प्रमोशन अडलं, की तो आधी देवाला नारळ बोलतो आणि मग देवीदास होलेला फोन लावतो. देवाचं काय होतं ते त्या प्राध्यापकालाच ठाऊक, देवीदास मात्र फोन उचलतो. आजकाल नुसतं शिकवून आणि संशोधनाचे पेपर लिहून भागत नाही. आपण काय काय लिहिलं ते सगळ्या जगाला दिसेल असं इंटरनेटवर मांडून ठेवावं लागतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. आपलं नाव टाकायचं, ती वेबसाइट त्या नावाचे जगभरातले पेपर शोधून समोर ठेवते, त्यातले आपले तेवढे निवडून आत घ्यायचे. काम एवढंच, पण पीएच.डी. झालेल्या माणसांना तेवढंच जमत नाही. मराठीच्या एका मॅडमांनी घाईघाईत 'सर्व निवडा' दाबलं आणि त्यांच्या नावावर हृदयाच्या शस्त्रक्रियेचे एकशेचाळीस पेपर येऊन बसले. कॉलेजने त्यांचा सत्कारसुद्धा उरकून घेतला. ते पेपर एकेक करून बाहेर काढण्यात देवीदासचा अख्खा रविवार गेला.

देवीदास आता त्रेसष्टचा. शिक्षण म्हणाल तर बारावी. पण आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर, बेचाळीस वर्षं तो लोकांचे प्रबंध टाइप करत आला. अर्ध्या अमरावतीची विद्वत्ता त्याच्या बोटांखालून गेली आहे. कोणाचा पेपर कोणत्या साली, कोणत्या अंकात आला, हे लेखकाला आठवत नाही, त्याला आठवतं.

त्या दिवशी फोन आला तो अकोल्याहून. "देवीदासकाका, मी आरती. भगवंतराव गावंडेंची नात. आबाजींचे जुने विद्यार्थी पुढच्या महिन्यात जमणार आहेत. त्यांना आबाजींचे सगळे पेपर एका जागी हवेत. आबाजी म्हणतात, देवीदासशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

दुसऱ्या कोणा सरांनी असं म्हटलं असतं तर देवीदासने ते चार जणांना सांगितलं असतं. इथे त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. "येतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. गावंडे सरांच्या पेपरांत एक पेपर वांग्याचा होता. त्या पेपरात एक ओळ असायला हवी होती, आणि ती नाही, हे जगात एकट्या देवीदासला माहीत होतं. ती त्यानेच गाळली होती.

देवीदास दर्यापूरचा, माळ्याचा मुलगा. त्याची आई पार्बताबाई घरच्या शेताच्या तुकड्यात भाजी लावायची आणि आठवडी बाजारात नेऊन विकायची. तिच्याजवळ काटेरी वांग्याचं एक बी होतं. सासूने दिलेलं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. आजूबाजूच्या सगळ्यांची वांगी अळी पोखरून टाकायची, पार्बताबाईच्या वांग्याला मात्र ती फारशी शिवत नसे. ही गोष्ट अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात किडींचा विषय शिकवणाऱ्या गावंडे सरांच्या कानावर गेली. सर बाजारात आले, तिच्याशेजारी पोत्यावर बसले, एकेक वांगं चिरून पाहिलं. बी घेऊन गेले आणि तीन वर्षं लावून पाहत राहिले. बियाचं काय देऊ, असं त्यांनी विचारलं तेव्हा पार्बताबाईने पोराकडे बोट केलं. "याले शहरात कुठी तरी लावून द्या, सायेब. याले वावरातलं काई जमत नाई."

सरांनी त्याला अमरावतीला, राजकमल चौकाजवळच्या एका जिन्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. काय दिवस होते ते! बारा मशिनी एकदम सुरू झाल्या की खालचा पानठेलेवाला वर पाहून शिव्या द्यायचा. ओळ संपली की घंटी, घंटी वाजली की नव्या ओळीसाठी मशिनची गाडी मागे सारायला झटका. फितीची शाई बोटांना लागलेली असायची आणि ती मुद्दाम न धुता पोरं चौकात चहा प्यायला जायची, म्हणजे आपण कामाचे आहोत हे लोकांना कळावं. चार प्रती हव्या असल्या की तीन कार्बन लावायचे आणि बोटं आपटायची. किड्याचं लॅटिन नाव आलं की ते टाइप करून मागे यायचं आणि त्याच्याखाली रेघ ओढायची. म्हणजे छापताना ते तिरप्या अक्षरात घ्यायचं, हे छापखान्याला समजे. हे सगळं देवीदास सहा महिन्यांत शिकला. सरांचं प्रत्येक काम त्याच्याकडेच यायचं. आजही डोळे मिटले की त्याला ती घंटी ऐकू येते, आणि त्या जिन्यावर आपण किती सुखी होतो, हे आठवतं.

वांग्याचा पेपर आला तो ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात. सरांच्या हातचा, इंग्रजीत लिहिलेला. शेवटच्या पानावर आभार होते, आणि आभारांत सगळ्यात आधी ही ओळ होती: या वाणाचं बी दर्यापूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या श्रीमती पार्बताबाई होले यांनी वर्षानुवर्षं जपलं आणि आम्हाला दिलं, हा पेपर त्यांच्याच मुलाने टाइप केला आहे.

शेजारच्या मशिनवर जमुना नावाची मुलगी बसायची. तहसीलच्या हेडक्लार्कची मुलगी, इंग्रजी बरी. देवीदासच्या मशिनमध्ये काय चाललंय ते वाकून वाचायची तिला सवय होती. देवीदासने तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की गावी आमची बागायत आहे, माणसं राबतात. एकविसाव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते तेवढीच त्याला होती. त्याने ती ओळ सोडली आणि पुढच्या ओळीपासून टाइप केलं. विभागप्रमुखांचे आभार राहिले, गणित तपासणाऱ्याचे आभार राहिले. सरांनी न वाचता सही केली. देवीदासनं केलं म्हणजे चूक नसणार, असं ते सगळ्यांना सांगायचे.

बेचाळीस वर्षांनी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसलेला देवीदास स्वतःला एकच गोष्ट बजावत होता. सर शहाऐंशीचे आहेत, डोळ्यांनी जवळपास दिसत नाही. पेपर आत घ्यायचे, जेवायचं आणि परत यायचं. कोणी काही विचारणार नाही.

सर खुर्चीत बसले होते, अंगाने निम्मे झालेले. आवाज मात्र तोच. "आला काय रे? बस. आरती, याले चाय दे, साखर जास्त टाक. हा माणूस गोड खाते."

काम सुरू झालं. देवीदासने नाव टाकलं, यादी आली. काही दुसऱ्याच गावंड्यांचे पेपर होते, ते त्याने बाजूला केले. उरलेल्या एकेका पेपरचं नाव तो मोठ्याने वाचायचा आणि सर लगेच सुरू व्हायचे. "हा परतवाड्याच्या संत्र्यावरचा. जीप बंद पडली, मंग आमी बैलगाडीत सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. हा पातूरचा. त्या गावात मले पाटलीणबाईनं दोन दिवस जाऊच देल्लं नाई, सारखं जेवाले बसवे." आरतीला हसू आवरत नव्हतं. देवीदासही हसत होता. मधूनच सर म्हणायचे, "आता कोनी वावरात जात नाई रे, सगळे इथीच बसून करून राहिले." मग पुढचा पेपर. चाळीस झाले.

एकेचाळिसावा वांग्याचा निघाला. तो ज्या मासिकात छापून आला होता, त्याने जुने अंक स्कॅन करून ठेवले होते, सगळी पानं जशीच्या तशी. देवीदासने नाव वाचलं आणि घाईने म्हणाला, "घेतो आत. झालं, सर."

"थांब," सर म्हणाले. "शेवटच्या पानावर जाय. आभार वाच. माह्या सगळ्या पेपरांत तेवढीच एक ओळ मले पुन्यांदा ऐकू वाटते."

देवीदासने पान काढलं. पडद्यावर विभागप्रमुख होते, गणित तपासणारा होता. त्याने घसा साफ केला आणि ती ओळ म्हटली. शब्दन् शब्द. बेचाळीस वर्षं पाठ होती त्याला. सर डोळे मिटून ऐकत होते, चेहऱ्यावर असं समाधान की पाहणाऱ्यालाही बरं वाटावं.

"वा," ते म्हणाले. "तुही माय लय मोठी बाई होती. एक खेप अजून वाच."

देवीदासने शेजारी पाहिलं. आरती पडद्याकडे पाहत होती. ओळ तिथे नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. मग तोच म्हणाला, "सर, ती ओळ इथी नाई."

"नाई म्हंजे?"

"म्या पाठ म्हटली. छापलेल्यात नाई. तुमी लिवली होती. टाइप करतानी म्या गाळली."

"काहून?"

"लाज वाटली, सर. मायची. ती भाजी इके, हे इन्स्टिट्यूटमंदी कोनाले समजू नये म्हणून."

सर सरळ होऊन बसले. "खोटं बोलू नोको. ती दर संक्रांतीले टोपलंभर वांगे घेऊन माह्या घरी ये. 'सायेब, तुमी माह्यं नाव पुस्तकात छापलं,' म्हणे. 'पोरानं बोट ठेऊन दाखोलं,' म्हणे. माह्या बायकोले विचारलं असतं, ती असती तं."

"दाखोलं होतं," देवीदास म्हणाला. "पेपर छापून आला तसा म्या घरी नेला. ती म्हणे, माह्यं नाव कुठी हाय ते दाखव. तिले वाचता येत नोतं. एक नाव तिरप्या अक्षरात होतं, बाकीच्याहून निराळं. म्या त्याच्यावर बोट ठेवलं."

"कोन्तं नाव?"

"ल्युसिनोडेस ऑर्बोनॅलिस."

सरांनी जन्मभर वर्गात शिकवलेलं नाव होतं ते. वांगं पोखरणाऱ्या अळीचं.

"तिनं तो कागद देवाजवळ ठेवला, सर. दर सणाले त्या नावाले हळदकुंकू लावे. बाजारातल्या बाया घरी आल्या का त्याईले दाखवे. ती गेली तवा घरच्याईनं तो कागद तिच्या उशाशी ठेवला. तवाई म्या काई बोल्लो नाई."

सरांना हसू फुटलं. "अळीले हळदकुंकू," ते म्हणाले आणि खांदे हलेपर्यंत हसले. मग हसता हसता त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. देवीदासला वाटलं, आता हे आपल्याला जा म्हणतील, आणि तसं म्हटलं तर बरंच होईल.

"माहीबी चूक हाय," शेवटी सोगा खाली घेऊन सर म्हणाले. "न वाचता सही केली. पन तुही चूक माह्यापेक्षा मोठी हाय."

"हो, सर."

आरती हळूच म्हणाली, "आबाजी, छापलेला पेपर तर आता बदलता येत नाही. पण प्रोफाइलवर पेपरच्या खाली टिपण लिहिता येतं. ते सगळ्यांना दिसतं. तुमच्या नावाने लिहू का?"

"माह्या नावानं नाई," सर ताडकन म्हणाले. "गाळली त्यानं, लिहीन तो. त्याच्या नावानं."

पण वेबसाइटवर दुसऱ्याच्या पेपरखाली लिहायचं तर स्वतःची प्रोफाइल लागते. शेकडो लोकांच्या प्रोफाइल करून दिलेल्या देवीदासची स्वतःची नव्हती, कशाला असेल? त्याने नवा फॉर्म उघडला. नाव टाकलं. संस्था विचारली तेव्हा त्याचा हात थांबला. "टायपिस्ट लिही," सर म्हणाले, "आनि गाव." त्याने लिहिलं. मग वेबसाइटने नेहमीप्रमाणे त्याच्या नावाशी जुळणारे पेपर शोधून समोर आणले, कोण्या दुसऱ्याच होल्यांचे, नऊ पेपर. यातले तुमचे कोणते? हा प्रश्न त्याने हजारदा लोकांना वाचून दाखवला होता. 'एकही नाही' वर त्याने बोट दाबलं.

टिपणाची चौकट उघडली.

"इंग्रजीत लिहू, सर?"

"तिले कोनी वाचून दाखोलं तं समजलं पाह्यजे," सर म्हणाले, "असं लिही."

बेचाळीस वर्षं लोकांचं लिहिलेलं टाइप करणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच समोर कोणाचा कागद नव्हता. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. डोळे भरून आले की अक्षरं दिसेनाशी व्हायची, मग थांबून चष्मा पुसायचा. आरतीने नवा चहा आणून ठेवला, तोही निवला. शेवटी त्याने लिहिलं ते असं:

'ह्या वांग्याचं बी माह्या मायचं हाय. तिचं नाव पार्बताबाई होले, दर्यापूर. ती बाजारात भाजी इके. सरांनी तिचं नाव लिवलं होतं, म्या टाइप करतानी गाळलं, कारन मले तिची लाज वाटे. अन् तिले दुसरंच नाव दाखोलं. माय, हे नाव तुयं हाय.'

मग कोणी न सांगता त्याने ते एकदा मोठ्याने, सावकाश, सगळं वाचलं, आणि बटण दाबलं.