टाकी पेट्रोल घेत नाही

आमच्या भावोजींना सगळे 'कानसेन' म्हणायचे. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येता येताच ते सांगायचे, "मागच्या उजव्या चाकाची बेअरिंग गेली," आणि जॅक लावून पाहिलं की तीच गेलेली असायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला टेकवलेली आणि डोळे मिटलेले. डॉक्टरनं छाती तपासावी तसं चालायचं सगळं. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, पुढची सहा वर्षं भागीदार. पाटीवर दोघांचं नाव होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्या कानासाठी.

ते कान जायला लागलेत हे मला वर्षभर आधीच कळलं होतं. इंजिनाची घरघर त्यांना नीट ऐकू यायची, बारीक आवाज मात्र निसटायचे. एकदा पट्टा एवढा चिरचिरत होता की समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन बघितलं, आणि भावोजी म्हणाले, "गाडी एकदम लोण्यासारखी चालते आहे." त्या दिवशी ते जेवायला घरी गेल्यावर मी पट्टा बदलून टाकला. मग ती सवयच झाली. ते जेवायला गेले की त्यांनी पास केलेली गाडी मी पुन्हा ऐकायचो, राहिलेलं गुपचूप नीट करायचो. मला वाटायचं, आपण त्यांचा मान राखतो आहोत. खरं म्हणजे तो विषय काढायची माझी छाती नव्हती.

अशात एका सोमवारी सकाळी मेट्रनबाई आल्या. मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण कण्यातला ताठपणा तसाच. गाडी हायब्रिड, घरच्या प्लगवर चार्ज होणारी आणि शिवाय पेट्रोलवरही चालणारी.

"दोन लिटर गेलं की पंपाची नळी आपोआप बंद पडते," त्या म्हणाल्या. "पंपावरचा माणूस म्हणतो टाकी भरली. काटा म्हणतो रिकामी आहे. मी कोणाचं ऐकू?"

"काट्याचं," भावोजी म्हणाले. "पेट्रोल शेवटचं कधी भरलं होतं?"

"पाच महिने झाले असतील. गावात बॅटरीवरच भागतं. पण आता मला लांब जायचंय."

त्यांची थोरली बहीण तीनशे किलोमीटरवर एकटी राहत होती. आक्का म्हणायच्या त्या तिला. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, अंथरुणाला खिळलेली. मेट्रनबाई तिला कायमची आपल्या घरी आणणार होत्या. खोली तयार होती, खाट भिंतीपासून लांब सरकवली होती, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचेल. गाडीची पुढची सीट पूर्ण आडवी होईल अशी त्यांनी खास करून घेतली होती. भाड्याच्या गाडीत बसून यायला आक्का तयार नव्हती, आणि बसवणं शक्यही नव्हतं.

"परवा न्या," भावोजी म्हणाले.

अशा गाडीची टाकी साध्या गाडीसारखी नसते. इंजिन फारसं चालतच नाही, म्हणून पेट्रोलची वाफ टाकीतच कोंडून ठेवलेली असते. भरायच्या आधी डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. मग टाकीवरचा एक छोटा व्हॉल्व्ह 'टक्' करून उघडतो, कोंडलेली हवा कोळशाच्या डब्यातून गाळून एका रबरी नळीनं बाहेर पडते, आणि टाकीचं झाकणही सुटतं. पेट्रोल आत जायचं तर तेवढी हवा बाहेर पडायलाच हवी. ती अडली की पंपाच्या नळीला वाटतं टाकी भरली, आणि ती बंद पडते.

मी कॉम्प्युटर लावला. त्यावर आलं: वाफेच्या मार्गात अडथळा.

"कुठे ते सांगतोय का?" भावोजींनी विचारलं.

"नाही."

"मग काय उपयोग? ज्योतिष्यासारखं झालं. घरात कोणीतरी आजारी आहे म्हणायचं, कोण ते सांगायचं नाही, आणि दक्षिणा घेऊन मोकळं व्हायचं." ते स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मी आत स्टिअरिंगपाशी बसलो.

"दाब."

मी बटण दाबलं.

"दाबलंस का?"

"दाबलं."

"पुन्हा दाब." असं पाचसहा वेळा झालं. मग खालून आवाज आला, "मेलाय. व्हॉल्व्ह हूं की चूं करत नाहीये."

मागच्या सीटखाली बॅटरीचा पंखा घुरघुरत होता. त्या घुरघुरीत मला दोनदा 'टक्' ऐकू आल्यासारखं वाटलं होतं. मी खिडकीतून वाकलो. "भावोजी, मी खाली येऊन एकदा ऐकू का?"

"तू काय ऐकणार? टॅपेटचा आवाज कुठला आणि पिस्टनचा कुठला, हे तुला अजून कळत नाही."

मी हसलो. चारचौघांत त्यांनी टोमणा मारला की हसायचं, हा आमच्यातला जुना रिवाज. तेव्हा तिथे चारचौघं नव्हती, आम्ही दोघंच होतो. तरी मी हसलो आणि गप्प बसलो.

नवा व्हॉल्व्ह मागवला. तो बुधवारी आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवला. दरम्यान टाकी खाली उतरवलेली, गाडी खड्ड्यावर अडकलेली. मेट्रनबाईंचा फोन रोज दहाच्या ठोक्याला यायचा. फोन मीच घ्यायचो, कारण भावोजींनी फोन घेणं केव्हाच सोडलं होतं. हात तेलकट आहेत म्हणायचे.

"आज होईल का?"

"उद्या नक्की."

मंगळवारी त्या म्हणाल्या, "आक्का म्हणते घाई करू नकोस. मी काय, कुठे पळून जातेय?" गुरुवारी त्यांचा आवाज बदलला होता. शेजारीण आक्काजवळ बसून होती, आणि ती फोनवर जे सांगत होती ते बाईंना आवडलं नव्हतं. आडवं झालं की आक्काला श्वास पुरत नव्हता. "मला खरं काय ते सांगा. होत नसेल तर मी बसनं जाते आणि तिच्याजवळ राहते. आणायचं नंतर बघू."

मी फोनवर हात ठेवून भावोजींकडे पाहिलं आणि जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं. पार्ट त्याच सकाळी आला होता. त्यांनी पंजा उघडून दाखवला. पाच.

"आज पाच वाजता देतो," मी म्हणालो.

"मग थांबते," बाई म्हणाल्या.

जेवायलाही न जाता आम्ही काम केलं. व्हॉल्व्ह बसवला, टाकी वर चढवली. साडेचारला बटण दाबून झाकण उघडलं आणि कॅनमधून पेट्रोल ओतायला सुरुवात केली. जेमतेम दोन लिटर गेलं असेल, आणि पेट्रोल फसफसत उलटं वर आलं. माझी बाही भिजली.

भावोजी खड्ड्यात उतरले, मला बटण दाबायला लावलं, आणि वर आले ते लालबुंद होऊन. "नवासुद्धा मेलेला पाठवलाय! या लोकांना लाज कशी वाटत नाही?"

या वेळी मी विचारलं नाही. सरळ खड्ड्यात उतरलो आणि म्हणालो, "बटण तुम्ही दाबा."

पंखा बंद होता. रस्त्यावरही शांतता होती. डोक्यावर वीतभर अंतरावरून आवाज आला, दारावर बोटानं टिचकी मारावी तसा. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

"बघ," वरून भावोजी म्हणाले. "काही आहे का?"

"वाजतोय."

"काय म्हणालास?"

मी वर आलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो. "वाजतोय, भावोजी. चांगला खणखणीत वाजतोय."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी भंगाराच्या ट्रेमधून जुना व्हॉल्व्ह काढला. तो खात्रीनं मेलाय म्हणून काढल्यावर कोणी तपासलाही नव्हता. दोन वायरी लावून तो बॅटरीला जोडला. टक्. मग तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा वायर टेकवली. व्हॉल्व्ह हातात बारीकशी उसळी घेत होता. त्यांना ती जाणवत होती. मी चार वेळा केलं, पाच वेळा केलं. शेवटी त्यांनी मूठ मिटली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"वर्ष झालं."

"आणि सोमवारी? सोमवारी वाजत होता?"

"मला तसं वाटलं होतं."

त्यांनी व्हॉल्व्ह परत ट्रेमध्ये ठेवला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरा बिघाड सापडायला दहा मिनिटं लागली. हवा बाहेर सोडणारी ती रबरी नळी मागच्या चाकाच्या आत जिथे उघडते, तिथे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. गाडी दिवसचे दिवस एका जागी उभी असायची, तिला निवांत जागा सापडली. मी तार घालून माती कोरून काढली. आतून वाळके कोळी पडले, माशीनं आपल्या अळ्यांसाठी साठवलेले. मग कॅन लावला. पंधरा लिटर पेट्रोल एका दमात आत गेलं, एक थेंब बाहेर नाही.

सहाला दहा मिनिटं कमी होती. मी मेट्रनबाईंना फोन लावला.

"गाडी झाली, बाई."

पलीकडे हॉर्न वाजत होते, कोणीतरी गावांची नावं ओरडत होतं. "मी बसमध्ये बसले आहे," त्या म्हणाल्या. "आक्का गेली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी. गाडी तिथेच राहू द्या." फोन बंद झाला.

भावोजींनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. ते भिंतीला लागून ठेवलेल्या टायरवर बसले. त्या दिवशी गॅरेज मी बंद केलं.

मेट्रनबाई आठव्या दिवशी आल्या. आम्ही गाडी धुऊन बाहेर उभी केली होती. मी मनात म्हणत होतो, व्हॉल्व्ह बदलला, नळी साफ केली, एवढं सांगावं आणि किल्ली द्यावी. कोणाला काय कळणार होतं? पण भावोजींनी मला हातानं मागे केलं.

"बाई, व्हॉल्व्ह चांगला होता," ते म्हणाले. "नळीत माती होती. सोमवारी नीट बघितलं असतं तर तासाभरात गाडी मिळाली असती. मला ऐकू येत नाही. आणि ते मी कोणाला कळू दिलं नाही. स्वतःलाही नाही."

मेट्रनबाई बाकावर बसल्या. 

"चाळीस वर्षं वॉर्डात काढली मी," त्या म्हणाल्या. "चुकलेले डॉक्टर ढिगानं पाहिले. तोंडावर कबूल करणारे दोघंच. मला वाटायचं, अशा माणसाला माफ करायला हवं. नाही करता आलं. आणि तेव्हा तर गेलेलं माणूस माझं नव्हतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "रोज फोनवर 'उद्या' तुम्हीच म्हणत होतात ना?"

"हो."

"मी बसनं सोमवारीच गेले असते."

मी किल्ली पुढे केली. 

किल्ली घेऊन त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या, भावोजींच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "कान तपासून घ्या. फार उशीर केलात तर यंत्राचाही उपयोग होत नाही." इस्पितळातली सवय असावी ती. त्यात माया होती की नाही, मी सांगू शकत नाही. त्यानंतर त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

घरी ताईला आम्ही सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय नवीन सांगताय? दोन वर्षं झाली, मी यांच्या उजव्या बाजूला बसून जेवते." म्हणजे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. एकमेकांना मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं.

कान तपासले. डावा जवळजवळ गेला होता, उजवा अर्धा. यंत्र घेतलं. घरात ते लावतात. गॅरेजमध्ये ग्राइंडर सुरू झाला की डोक्यात घण पडल्यासारखं होतं म्हणतात, म्हणून काढून डबीत ठेवतात. आता ते ब्रेक, क्लच, सस्पेन्शन बघतात, हातानं आणि डोळ्यानं होईल तेवढं. आवाजाचं काम माझ्याकडे आलं. मी दोनदा ऐकतो, तरी खात्री वाटत नाही. कानसेन म्हणणारी जुनी माणसं हळूहळू कमी झाली. काहींनी कान गेल्याचं ऐकून गॅरेज बदललं, आणि त्यांना दोष तरी कसा देणार?

कामापुरतं आम्ही बोलतो. पूर्वी दिवसभर त्यांची टोमणेबाजी चालायची, आता तीही नाही. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मी तेव्हा 'तू काय ऐकणार' म्हणालो नसतो, तर उतरला असतास का खाली?"

"उतरलो असतो," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कप धुवायला उठले. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. वर्षभर त्यांनी मला एकदाही अडवलं नव्हतं, आणि तरी त्यांच्यासमोर मी कधी खाली उतरलो नव्हतो.