वगळलेला भाग

“रेसच्या नव्या गाडीत अर्धी ताकद बॅटरीची, मग त्याला इंजिन कशाला म्हणायचं?” मी चहा गाळत होते आणि हे माझ्या कानाशी पुटपुटत होते. रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर झालेला माणूस, दुसरं काय बोलणार!

“हळू बोला, बाहेर शरदचंद्रजी आहेत.”

शरदचंद्रजी म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. गणपतीत आमच्या सुमेधचा सत्कार ठरवलाय, त्याची ओळख लिहून घ्यायला आले होते.

“आपल्या नगरा मोहल्ल्याचा मुलगा विलायतेत रेसच्या गाड्यांची इंजिनं बनवतो. छोटी बात है क्या, भाभीजी?”

मी चकल्या पुढे केल्या. जरा जास्तच.

“नेमकं काम काय, बेटा?”

सुमेध नखं बघत होता. मग मीच सुरू झाले. कुकरच्या वाफेवर पंखा फिरवून दिवा लावावा, तसं. इंजिनाच्या गरम धुरावर फिरून वीज करणारा एक भाग असतो. मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तो हा बनवतो.

“वाह!” त्यांनी लिहून घेतलं.

यंदा रेसच्या गाड्यांचे नियम बदलले, हे मी सांगितलं नाही. भाग फार महागडा, बनवायला किचकट. नव्या कंपन्या त्याला बघूनच बिचकत होत्या. त्यात इंजिनांच्या खर्चालाही मर्यादा आली. मग तो भागच काढून टाकला. सुमेध जानेवारीत तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता. आता भाद्रपद लागलाय. घरात आम्ही अजून सुट्टीच म्हणतो, आणि तोही रोज सकाळी दाढी करून लॅपटॉपपुढे बसतो.

“सध्या कुठल्या टीममध्ये?”

“साखर बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“मोठी टीम आहे,” हे म्हणाले. “नावं बदलत असतात त्यांची.”

“मग वापस कब? म्हणजे तारीख तशी ठेवतो.”

हे पंख्याच्या बटणाशी चाळा करू लागले. पंखा चालूच होता.

“ऑक्टोबर लिहा,” मी म्हटलं. कुठून सुचलं, देव जाणे.

शरदचंद्रजींनी ‘ऑक्टो’ एवढं लिहिलं असेल, तेवढ्यात सुमेधने त्यांच्या वहीवर हात ठेवला.

“काट दीजिए, काका. माझी नोकरी गेलीय, जानेवारीतच. सहा वर्षं एकच गोष्ट शिकलो, आणि ती आता जगात कुणालाच नकोय.”