शेंगा सोलणारी

"ही ती नव्हे," हाज्जा मुनीफा म्हणाली.

म्युझियममध्ये चित्रं समजावून सांगणाऱ्या ओदेतचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. चित्रासमोर अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवरची अकरा माणसं मुनीफाकडे वळली. दर बुधवारी म्युझियमने ठरवलेली बस बैरूतच्या चार वस्त्यांतून या म्हाताऱ्यांना गोळा करून आणायची. तासभर एकाच चित्रासमोर बसायचं, जे दिसेल ते बोलायचं, मग खाली अंगणात झातरचा मसाला लावलेली गरम रोटी आणि चहा. सगळं फुकट. बँकांनी लोकांचे पैसे अडकवून ठेवल्यापासून शहरातले असले उपक्रम एकामागून एक बंद पडले होते. ओदेतचा बुधवार तेवढा चालू होता.

"कोण ती नव्हे, हाज्जा?"

"ही. शेंगा सोलणारी. हिचं मनगट कुठं गेलं? इथं रंगाचा उंचवटा होता. ऊन आलं की त्याची बारीक सावली पडायची. आता बघ, इस्त्री फिरवल्यासारखं झालंय."

भूगोलाचे निवृत्त मास्तर रशीद हसले. "नव्वद वर्षं शेंगा सोलतेय बिचारी. झिजलं असेल मनगट."

"तुम्ही तुमचे नकाशे बघा मास्तर. मी पन्नास वर्षं कापड बघितलंय. मूळ कुठलं आणि रफू कुठलं, ते मला शिकवू नका."

सगळे हसले. ओदेतही हसली. "तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना मागच्या वर्षी? त्यानंतर रंग वेगळे दिसतात, हाज्जा. माझ्या आईलाही दिसायचे."

मुनीफाने डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली. खाली अंगणात तिने रोटीही घेतली नाही.

बस गेली. दुपारी वीज गेली. डिझेल वाचवण्यासाठी दालनांतला जनरेटर त्या वेळी लावत नसत. ओदेत खुर्च्या उचलायला वर आली आणि का कोण जाणे, मोबाइलचा दिवा लावून चित्राच्या डाव्या बाजूला, भिंतीला गाल टेकेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली. तिरपा उजेड मनगटावरून सरळ घसरत गेला. कुठेच अडला नाही.

तिने स्वतःला समजावलं, की साफसफाई केली असेल. वार्निश चढवलं असेल.

मग तिला ती खरवड आठवली. पंधरा वर्षांपूर्वी शाळेची सहल आली असताना एका मुलीच्या हातातल्या कर्कटकाचं टोक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लागलं होतं. बोटाच्या पेराएवढी रेघ. जबाबदारी ओदेतची होती. तिने रडत राजीनामा लिहून दिला होता आणि म्युझियमच्या संस्थापक मादाम इवोननी तो फाडून टाकला होता. "चित्र घरात राहतं, तेव्हा त्याला घरातल्यासारखं लागणारच," असं त्या म्हणाल्या होत्या. ती रेघ तशीच ठेवली होती.

रेघ अजूनही होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ओदेतने एकाही चित्राला कधी हात लावला नव्हता. आज तिने तर्जनीचं नख त्या रेघेवरून फिरवलं. नख अडकलं नाही. खरवड रंगवलेली होती.

ती मटकन खाली बसली. फरशी थंड होती. किती वेळ बसली हे तिला कळलं नाही. वीज आली, वरचा दिवा लागला आणि चित्रातली बाई तिच्या डोक्याच्या वर शेंगा सोलत राहिली.

संचालक रमझी यांची खोली वरच्या मजल्यावर होती. दार ढकलूनच ओदेत आत गेली.

"ते चित्र नक्कल आहे."

रमझींनी चष्मा काढला. नाकारतील, चिडतील, निदान दचकतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोणी सांगितलं?"

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी मार्चमध्ये विकलं. परदेशात. बसा सित्त ओदेत. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही हे."

ती बसली नाही.

"मादाम इवोननी ठेवलेला निधी कागदावर आहे," रमझी म्हणाले. "बँक महिन्याला चारशे डॉलर हातावर ठेवते. चारशे. त्यात जनरेटरचं डिझेलही येत नाही. पाच विश्वस्त बसले. एक तर कुलूप लावायचं, नाही तर एक चित्र द्यायचं. आम्ही एक दिलं."

"मादामच्या मृत्युपत्रात लिहिलंय, काहीही विकायचं नाही."

"लिहिलंय. म्हणून तर नक्कल."

"पण तुम्ही मला म्हणालात, कुणी देणगीदार आहे. नाव सांगायचं नाही अशी अट आहे म्हणालात. मी परदेशातल्या लोकांना पत्रं लिहिली, की अशी माणसं आहेत म्हणून आमचा बुधवार जगला!"

"खोटं नव्हतं ते." रमझींचा आवाज एकदम थकला. "तुमची बस, त्या रोट्या, शाळांच्या सहली, तुमचा पगार. पहारेकरी समीरच्या बायकोचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. हे सगळं कोण देत होतं असं वाटलं तुम्हाला? तीच देत होती. खाली बसलेली."

ओदेतने तोंडावर हात ठेवला. चौदा महिने. चौदा महिने तिने त्या नकलेसमोर उभं राहून म्हाताऱ्यांना, शाळेच्या पोरींना सांगितलं होतं, 'बघा, इथे चित्रकाराने सुरीने रंग दाबलाय, हे मनगट बघा.' बघा, बघा. आणि ती स्वतः? ती फक्त बोलत होती. पाठ झालेलं बोलत होती. हे कळलं तेव्हा रमझींवरचा तिचा राग क्षणभर बाजूलाच पडला.

"रविवारी खुला दिवस आहे," रमझी म्हणाले. "देणगीदार येणार, वार्षिक अहवाल वाटणार. तुम्ही नेहमीसारखं चित्रासमोर दहा मिनिटं बोला. बस, तेवढंच. सव्वीस वर्षं बोललात तेच."

"आणि नाही बोलले तर?"

"तर समीरच्या बायकोला तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी ओदेत मुनीफाच्या घरी गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार मुलाने उघडलं. चाळिशीचा, दमलेला माणूस. त्याने तिला आत घेतलं खरं, पण आईकडे नेण्याआधी स्वयंपाकघरात थांबवलं.

"बरं झालं तुम्ही आलात, सित्त. काल तिथंही तेच बोलली ना? मास्तर रशीदनी मला फोन केला. हसत होते, पण मला काही हसू आलं नाही."

"तिथंही म्हणजे?"

"घरी तर गेल्या उन्हाळ्यापासून चाललंय. 'बाई बदलली, बाई बदलली.' रात्री उठून बसायची. डॉक्टर म्हणाले, सुरुवात अशीच होते. आधी वस्तू परक्या वाटतात, मग माणसं. गोळ्या चालू आहेत." त्याने फळीवरची बाटली दाखवली. "गोळी घेतली की दिवसभर गुंगीत असते. शिवणयंत्र काढून घेतलं, सुई बोटात जाईल म्हणून. मी आणि बायको दोघंही कामावर. नन्सच्या वृद्धाश्रमात नाव घातलंय. पुढच्या महिन्यात जागा मिळेल म्हणतात."

ओदेतने ओट्याची कड धरली. आपण काल काय म्हणालो होतो? मोतीबिंदू. सगळ्यांसमोर, हसत.

"तिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की मुलाने "काय?" असं विचारलं.

"तुमच्या आईला काही झालेलं नाही. चित्र बदललंय. खरोखर बदललंय. शहरात हे फक्त तिला दिसलं."

मुलाने बाटली उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

मुनीफा खिडकीशी बसली होती. ओदेतने तिच्यापुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. शेवटी मुनीफा म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही."

"नाही हाज्जा."

"मग ते सगळ्यांसमोर सांग. बदललं म्हटलं म्हणून सगळ्यांसमोरच हसलात ना मला." तिचा हात ओदेतच्या खांद्यावर आला. "तुझी नोकरी जाईल का गं पोरी?"

"जाईल."

"आणि बस?"

ओदेतने नकारार्थी मान हलवली.

"बस गेली तर मी घराबाहेर पडायची नाही," मुनीफा म्हणाली. "पाय कुठं राहिलेत? आठवड्यातला तो एकच दिवस होता." तिने खाली रस्त्याकडे पाहिलं. "तरी सांग."

रविवारी दालन माणसांनी भरून गेलं. पॅरिसहून आलेलं एक जोडपं, काही व्यापारी, वकील, मादाम इवोनची पुतणी, मागे भिंतीला लागून बुधवारची मंडळी. मुनीफाला मुलाने हाताला धरून आणलं होतं. विश्वस्तांच्या अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला: सहा हजार शाळकरी मुलं, अठ्ठेचाळीस बुधवार, कठीण काळातही एकही उपक्रम बंद नाही. टाळ्या झाल्या. मग त्या हसून म्हणाल्या, "आता आपल्या ओदेत तुम्हाला शेंगा सोलणारीला भेटवतील."

ओदेत पुढे झाली. तिने रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी भेटवू शकत नाही," ती म्हणाली. "ती इथे नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला विकलं. ही नक्कल आहे. माझा पगार आणि हे बुधवार त्याच पैशांवर चालले. मला या बुधवारपर्यंत माहीत नव्हतं. पण माझ्या नजरेला दिसायला हवं होतं, आणि दिसलं नाही. या बाईंना दिसलं. हाज्जा मुनीफा, मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागते."

एवढंच. अध्यक्षबाईंच्या हातातले अहवाल घसरून फरशीवर पसरले आणि उचलायला कुणी वाकलं नाही. मादाम इवोनची पुतणी चित्रापाशी गेली, वास घ्यावा तशी अगदी जवळ वाकली आणि मागे वळून म्हणाली, "देवा!" रमझी खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. ओदेतला वाटलं, या माणसाला आज चौदा महिन्यांनी पहिल्यांदा बसायला मिळालंय.

मग एकदम सगळे बोलू लागले. त्या गोंगाटात मास्तर रशीद वाट काढत मुनीफापुढे आले आणि टोपी काढून उभे राहिले. काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. मुनीफाने मान हलवली आणि शेजारची खुर्ची त्यांना दाखवली.

पुढचं सगळं लवकर झालं. पुतणीने कोर्टात अर्ज केला. विश्वस्तांनी राजीनामे दिले. पॅरिसच्या जोडप्याने आपली देणगी परत मागितली. म्युझियमला निकालापर्यंत कुलूप लागणार होतं. बसवाल्याने बस विकायला काढली. समीरच्या बायकोसाठी एका धर्मादाय दवाखान्याने आठवड्यातून एक वेळ द्यायचं कबूल केलं. एकच. मुनीफाच्या मुलाचा फोन आला, की गोळ्या बंद केल्या, आश्रमातलं नाव काढलं, यंत्र परत आणलं. त्याला आभार मानायचे होते. ते ऐकताना ओदेतला दुसऱ्या वेळेचं डायलिसिस दिसत राहिलं.

शुक्रवारी ती आपल्या वस्तू घ्यायला गेली. खणात फारसं काही नव्हतंच. एक स्वेटर, कॉफीची कपबशी, शाळांनी पाठवलेली काही पत्रं. पिशवी भरून ती फाटकाशी आली. समीर स्टुलावर बसला होता. रविवारपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. आजही त्याने मान वर केली नाही.

कर्मचाऱ्यांच्या पिशव्या बाहेर जाताना तपासायचा नियम भिंतीवर लावलेला होता. सव्वीस वर्षांत समीरने तिची पिशवी एकदाही उघडून पाहिली नव्हती. आज ओदेत त्याच्यासमोर थांबली. तिने पिशवीची चेन स्वतःच उघडली आणि दोन्ही हातांनी ती त्याच्यापुढे धरली.

समीर उठला. त्याने नियमाप्रमाणे स्वेटर उचलून पाहिला, कपबशी पाहिली, पत्रांचा गठ्ठा पाहिला. सगळं जसं होतं तसं परत ठेवलं. स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती, ती त्याने आत सारली आणि चेन सावकाश शेवटपर्यंत ओढली.

"ठीक आहे, सित्त," तो म्हणाला, आणि फाटक उघडून धरलं.